कुत्रं मागे लागतं, पण जबाबदार कोण? पुण्यात निदान यंत्रणा आहे, हद्दीबाहेरच्या गावांचं काय?

पहाटे डेअरीवर दुधाचे कॅन घेऊन जाणारा, सकाळी सायकलवर शाळेला निघालेली मुलगी, चाकण-रांजणगावची रात्रपाळी संपवून गाडीवर घरी येणारा कामगार आणि सिंहगडच्या पायथ्यापर्यंत सायकल हाणणारा पुणेकर, या चौघांना एक भीती सारखीच आहे. वळणावर चार कुत्री बसलेली असतात. एक उठतं, भुंकतं आणि बाकीची मागे लागतात. पुढच्या दहा सेकंदांत काय होतं यावर पुढचे सहा महिने कसे जाणार ते ठरतं.

कुत्र्यांवरून टीव्हीवर आणि मोबाईलवर गेलं वर्षभर वाद चालू आहे. त्यात एक बाजू प्राणिप्रेमींची, दुसरी त्रासलेल्या शहरवासीयांची. हवेली, मुळशी, पुरंदर, शिरूर, दौंड या तालुक्यांतला माणूस त्या वादात कुठेच नाही. त्याच्या रस्त्यावरचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि त्याचं उत्तरही वेगळं आहे.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या. त्यातल्या सुमारे ४ लाख ८५ हजार एकट्या महाराष्ट्रात. म्हणजे राज्यात रोज सरासरी तेराशेच्या वर माणसांना कुत्रं चावतं. हे फक्त दवाखान्यात नोंद झालेले. घरीच हळद लावून गप्प बसलेले यात धरलेले नाहीत.

असे गप्प बसणारे थोडेथोडके नसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १५ राज्यांत घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत कुत्रा चावलेल्या साधारण पाचातल्या एकाने लसच घेतली नव्हती. रेबीजने देशात वर्षाला सुमारे ५,७०० माणसं दगावत असावीत, असा अंदाज त्याच पाहणीतून निघाला. सरकारी नोंदीत हा आकडा फारच कमी दिसतो. २०२४ साठी तो ५४ होता, तोही संशयित मृत्यूंचा. दोन्ही आकड्यांतलं अंतर बघितलं की नोंदीबाहेर किती राहतं ते कळतं.

आणखी एक गोष्ट कुठल्याच आकड्यात येत नाही. चावा बसतच नाही, पण कुत्रं मागे लागल्यावर माणूस घाबरून पडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये अहमदाबादेत वाघ बकरी चहा समूहाचे कार्यकारी संचालक पराग देसाई घराजवळ फिरताना पडले, डोक्याला मार लागला आणि काही दिवसांनी त्यांचं निधन झालं. कुत्री मागे लागल्याने ते पडले, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. अंगावर चाव्याची खूण नव्हती, असं रुग्णालयाने सांगितलं होतं. दुचाकी आणि सायकलवाल्यांसाठी ही बाब जास्त महत्त्वाची. दात लागण्याआधी डांबरच लागतं.

शहर संपतं तिथे यंत्रणा संपते

पुणे महापालिकेकडे कुत्री पकडण्याच्या गाड्या आहेत, नसबंदीची केंद्रं आहेत, तक्रार करायला जागा आहे. महापालिकेच्या गणनेत २०१८ साली शहरात ३ लाख १५ हजार भटकी कुत्री होती. २०२३ च्या गणनेत ती सुमारे १ लाख ८० हजार निघाली. गणनेच्या पद्धतीवर वाद होऊ शकतो. तरी कुणीतरी मोजतंय, नसबंदी करतंय, लस देतंय एवढं तरी तिथे आहे.

आता हद्द ओलांडा. २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. वाघोली, मांजरी, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, सूस, म्हाळुंगे ही त्यातलीच. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं पुढे २०२४ मध्ये महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद झाली. यात नागरिकाला कळत नाही ते हे, की कुत्र्याची तक्रार आज कुणाकडे करायची. कागदावर हद्द बदलली, कुत्र्यांना त्याचं काय! ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फिरतात.

त्यापुढे ग्रामपंचायतीची हद्द. केंद्राच्या प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण हे स्थानिक स्वराज्य संस्थेचं काम आहे. पंचायतीही त्यातच आल्या. पण ग्रामपंचायतीकडे ना गाडी, ना शस्त्रक्रियेची जागा, ना प्रशिक्षित माणूस. हे काम प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावं लागतं. दोन-तीन हजार वस्तीच्या गावाला ते एकट्याने परवडत नाही. म्हणून ग्रामसभेत विषय निघतो, "बघू, वर कळवू" म्हणून संपतो.

शहरातली पकडलेली कुत्री रात्री टेम्पोतून गावाकडे आणून सोडतात, ही तक्रार शहरालगतच्या गावांत नेहमी ऐकू येते. नियम याबाबत स्पष्ट आहे. नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. दुसऱ्याच्या हद्दीत नेऊन टाकणं नियमात बसत नाही, मग ते महापालिकेने केलं असो, सोसायटीने की गावाने. गाडी दिसली तर तिचा नंबर आणि फोटो घेऊन पोलीस पाटलाला आणि ग्रामसेवकाला लेखी द्यावं.

गावचं कुत्रं खरंच "भटकं" आहे का?

शहरातला वाद बेवारस कुत्र्यांचा आहे. गावच्या रस्त्यावर मागे लागणाऱ्या कुत्र्यांपैकी मात्र बरीच कुणाच्या ना कुणाच्या दारची असतात. मळ्यातल्या वस्तीवर राखणीला ठेवलेली, पोल्ट्रीच्या शेडजवळची, वीटभट्टीवरची, ढाब्यामागची. त्यांना भाकरी घालणारं घर असतं. गळ्यात पट्टा नसतो, लसीचं कार्ड नसतं, आणि कुणाला चावलं की "ते आमचं नाही हो, असंच येतं" हे उत्तर तयार असतं.

अशा कुत्र्याला घर आणि रस्ता यातला फरक माहीत नसतो. वस्तीसमोरून जाणारा डांबरी रस्ता त्याच्या लेखी अंगणच. त्यातून जोरात पळणारी गोल चाकं गेली की ते धावतं. सायकलवाला निघून जातो, कुत्र्याला वाटतं आपण हाकलून लावलं. रोज हेच घडतं आणि रोज त्याचं धाडस वाढतं. एक दिवस ते पोटरी धरतं.

मेंढपाळांची कुत्री हा आणखी एक प्रकार. दिवाळीनंतर बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर पट्ट्यात मेंढ्यांचे वाडे रानात बसतात. ही कुत्री लांडग्या-बिबट्यापासून मेंढरं राखायलाच असतात, अनोळखी माणूस जवळ आला की अंगावर येणं हे त्यांचं काम आहे. तिथे शहाणपण एकच. कळपाच्या मधून सायकल घालायची नाही. लांब थांबून मेंढपाळाला हाक मारायची. तो एका शिट्टीवर कुत्रं मागे घेतो.

वेळ आणि ऋतूचाही संबंध आहे. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, हे गावात पोरांनाही माहीत असतं. त्या दिवसांत एका कुत्रीमागे सात-आठ कुत्र्यांची टोळी फिरते आणि टोळीतलं कुत्रं एकट्या कुत्र्यापेक्षा जास्त धोक्याचं. त्यानंतर दोन महिन्यांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, पिल्लं होतात. एरवी शेपूट हलवणारी कुत्री पिल्लांजवळ कुणी आलं की सरळ धावून येते. चावण्याच्या घटना उगाच होत नाहीत, त्यांना कारण असतं. ते कारण ओळखता आलं तर निम्मे प्रसंग टळतात.

दुसरं कारण कचरा. चिकनच्या दुकानाची पिसं आणि आतडी ओढ्याकाठी, मंगल कार्यालयाचं उष्टं रस्त्याकडेला, मेलेली कोंबडी पोल्ट्रीमागे. जिथे हे पडतं तिथे कुत्री जमतात, वाढतात आणि ती जागा राखतात. शिवाय कुत्र्यामागे बिबट्या येतो. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता, सुमारे ३९ टक्के. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेडच्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

कोर्टाने काय सांगितलं, गावाला त्यातलं काय लागू

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा आदेश दिला. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. नसबंदी, लस आणि जंतनाशक देऊन कुत्रं मूळ जागी सोडा, पण रेबीज झालेलं, रेबीजचा संशय असलेलं किंवा आक्रमक कुत्रं परत सोडू नका, असं सांगितलं. प्रकरणाची व्याप्तीही सगळ्या राज्यांपर्यंत वाढवली.

गावाच्या दृष्टीने महत्त्वाचा आदेश ७ नोव्हेंबर २०२५ चा. शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, एसटी स्थानकं व आगार आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवायची, आवाराला कुंपण घालायचं आणि उचललेली कुत्री त्याच जागी परत सोडायची नाहीत. स्थानिक संस्थेने दर ३ महिन्यांनी किमान एकदा पाहणी करायची. दवाखान्यांत रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन कायम शिल्लक ठेवायचं.

जिल्हा परिषदेची शाळा ही शाळाच आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हा दवाखानाच. कुंपण पडलेल्या शाळेच्या व्हरांड्यात कुत्री झोपत असतील, तर शाळा व्यवस्थापन समितीला या आदेशाचा हवाला देऊन लेखी मागणी करता येते. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं, अर्जाची पोच हातात राहते.

मालकाला कायदा काय म्हणतो

पाळलेल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वस्तीवरचं कुत्रं रोज रस्त्यावर माणसांच्या मागे लागत असेल तर "ते काही करत नाही" हे मालकाचं म्हणणं ढाल ठरत नाही. अर्थात गावात कुणी पहिल्या दिवशी पोलिसांत जात नाही आणि जाऊही नये. आधी दारात जाऊन बोलावं. मग दोन माणसं घेऊन जावं. तरी ऐकलं नाही तर ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा.

उलट बाजूही सांगायला हवी. रागाच्या भरात भाकरीत विष घालणं, फासे लावणं, गाडीखाली घालणं हाही गुन्हाच. कलम ३२५ प्रमाणे त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय विष घातलेली भाकरी शेजाऱ्याची शेळी खाते, नाहीतर लहान पोर हातात घेतं. आणि चार कुत्री मेली की रिकाम्या जागेवर दुसऱ्या गावची येतात. त्यांना लस आहे की नाही कुणालाच ठाऊक नसतं.

नुकसानभरपाईचा विषयही पुढे येतोय. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये भटक्या जनावरांच्या प्रकरणांत, कुत्र्याच्या प्रत्येक दाताच्या खुणेमागे किमान १० हजार रुपये भरपाईचं सूत्र घालून दिलं. ते आपल्या राज्याला आपोआप लागू होत नाही. पण कुत्रं चावलं तर ते नशीब, या समजुतीला कोर्टाने छेद दिला हे खरं.

मागे लागलंच तर

सायकलवर असाल तर: वेगात पळून जायचा मोह होतो आणि तिथेच घात होतो. पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे. चढावर, खड्ड्यांच्या रस्त्यावर माणूस कुत्र्यापुढे जाऊ शकत नाही. लांबूनच कुत्री दिसली की वेग कमी करा. धावून आलंच तर मागून वाहन येत नाही हे बघून थांबा, उतरा आणि सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा. बहुतेक वेळा चाकं थांबली की कुत्र्याचा जोशही ओसरतो. मग सायकल हातात धरून हळूहळू चालत त्याच्या हद्दीबाहेर निघा. लाथ मारू नका. तोल जातो आणि पायच त्याच्या तोंडाशी जातो.

दुचाकीवर असाल तर: अचानक ब्रेक किंवा अचानक वळण नको. हँडल घट्ट धरून वेग हळूहळू कमी करा. मागे बसलेल्या बाईमाणसाला किंवा पोराला पाय वर घ्यायला लावू नका, त्यात गाडी डुगडुगते.

पायी असाल तर: धावू नका, पाठ फिरवू नका, डोळ्यात डोळे घालून बघू नका. ताठ उभे राहा, दरडावून "हाड" म्हणा आणि तिरकं-तिरकं मागे सरका. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी आपल्याकडची बरीच कुत्री मागे हटतात, दगड मारायची गरज पडत नाही. हातात काठी असावी, ती मारायला नव्हे, अंतर ठेवायला. पिशवी, छत्री, दप्तर जे हातात असेल ते पुढे धरा. पहाटे-रात्री बॅटरी जवळ ठेवा, रस्त्यात झोपलेल्या कुत्र्यावर पाय पडून झालेले चावेही कमी नसतात.

खाली पडलात तर: गुडघे पोटाशी घ्या, दोन्ही हातांनी मान आणि कान झाका आणि ओरडत हातपाय झाडू नका. लहान मुलांना हे करून दाखवा, नुसतं सांगून त्यांच्या लक्षात राहत नाही. खात असलेल्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हा नियम मुलांना पाठ हवा.

चावलं तर पहिली पंधरा मिनिटं

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. नळ नसेल तर बोअरचं पाणी, कळशीची धार चालेल. तिखट, चुना, हळद, तेल, तंबाखू काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. मग थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात.

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, ही जुनी भीती अजून गावात आहे. ते केव्हाच बंद झालं. आता लस दंडात देतात. कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिली तर त्यात १४ वा दिवस वाढतो. रक्त आलं असेल किंवा चावा खोल असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. आरोग्य केंद्रात ते नसेल तर कुठे मिळेल हे तिथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याच दिवशी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. दोन इंजेक्शनं घेऊन "बरं वाटतंय" म्हणून थांबू नका. कुत्रं घरचं आहे, पिल्लू आहे, नुसतं ओरखडलंय, म्हणूनही थांबू नका. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचंच, पण लस पहिल्या दिवशीच सुरू करायची. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आधी घेतलेली लस मात्र वाचवते.

गाव काय करू शकतं

गोव्याचं उदाहरण जवळचं आहे. तिथे सरकार आणि स्वयंसेवी संस्थेने मिळून गावोगाव, घरोघर जाऊन कुत्र्यांना लस दिली, पाळलेल्या आणि मोकाट दोघांनाही. वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना. सोबत शाळांतून मुलांना शिकवलं. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या घटना ९२ टक्क्यांनी घटल्या आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. कुत्री संपली नाहीत, त्यांच्यातला जीवघेणा रोग आटोक्यात आला. गावासाठी धडा हाच की सुरुवात लसीपासून करता येते, तिला ऑपरेशन थिएटर लागत नाही.

नसबंदीचं काम एका ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचं आहे, पण दहा-पंधरा गावांनी पंचायत समितीमार्फत एकत्र मागणी केली तर एखादी मान्यताप्राप्त संस्था तालुक्याला येऊ शकते. कचऱ्यासाठी ग्रामपंचायतीकडे स्वच्छतेचा बंधित निधी असतो. चिकनवाल्याचा आणि कार्यालयाचा कचरा रोज उचलायला वेगळ्या कायद्याची वाट बघायला नको. आणि वस्तीवरच्या प्रत्येक कुत्र्याला पट्टा, वर्षाला एक लस आणि पहाटे-संध्याकाळी वर्दळीच्या वेळी साखळी, एवढा ठराव ग्रामसभा करू शकते. पट्टा दिसला की कुत्र्याला मालक असल्याचं दिसतं आणि "ते आमचं नाही" म्हणणं अवघड होतं.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीसाठी मुळशी, मावळ, पुरंदर, बारामतीकडचे रस्ते गुळगुळीत झाले. त्या रस्त्यांवर शर्यतीनंतरही रोज सायकली जातात, शाळेच्या, दुधाच्या, कामगारांच्या. पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. गावात कुत्री किती, त्यातली लस दिलेली किती, आणि आपल्या आरोग्य केंद्रात आज रेबीजची लस शिल्लक आहे का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. पुढच्या वेळी तिथूनच विचारता येईल.